ठकीचा तास

४ मार्च

कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही. मला वाटलं जावई उठतील, त्यांना वाटलं मी उठेन. भात करपला. दोघांनी खाल्ला. करपलाय असं कोणीच म्हणालं नाही.

ठकीला, माझ्या लेकीला, जाऊन आज एकवीस दिवस झाले.

५ मार्च

काही लिहिण्यासारखं नाही. तिचे चष्मे सापडले, तीन. एकच डबीत ठेवला.

६ मार्च

तिच्या नावाने पत्र आलं. शिक्षण मंडळाचं. जावयांनी उघडलं नाही, नुसतं माझ्यापुढे सरकवलं. मी चष्मा पुसून उघडलं.

गोष्ट इथे नीट लिहून ठेवतो, नाहीतर माझ्याच डोक्यात गोंधळ होईल. जावई लिफ्ट दुरुस्त करतात. सहा वर्षांपूर्वी एका इमारतीत एक बाई पाऊण तास लिफ्टमध्ये अडकली होती. यांनी दार फाकवलं, वाकून हात पुढे केला. पगडी आणि दाढी बघून ती बाई आणखी मागे सरकली. म्हणाली, दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. यांनी वॉचमनला हाक मारली. वॉचमनने हात दिला, बाई बाहेर आली. घरी येऊन जावयांनी हे हसत हसत सांगितलं म्हणे. ठकी हसली नाही. पुढच्याच आठवड्यात ती त्या इमारतीसमोरच्या शाळेत गेली आणि हेडबाईंकडे एक तास मागून घेतला. शीख कोण, कसे, का, एवढंच सांगायला. मला फोनवर म्हणाली होती, ‘त्या बाईला आता सांगून काय उपयोग, तिच्या मुलांना सांगते.’ मी म्हणालो, दवाखाना कोण बघणार? ती फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे गुडघे सरळ करून महिन्यातून दोनदा शाळेत जायची. सहा वर्षं.

पत्रात असं आहे. तिने अर्ज केला होता की हा तास मंडळाच्या बेचाळीसही शाळांत सुरू करावा. त्यासाठी निरीक्षक २४ मार्चला एक तास प्रत्यक्ष बघायला येतील. त्या दिवशी तास झाला नाही तर अर्ज निकाली काढण्यात येईल.

‘निकाली’ म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे, वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर म्हणून.

७ मार्च

सकाळी जावयांना म्हणालो, ‘तुम्ही घ्या तास.’

ते बराच वेळ बूट बांधत होते. मग म्हणाले, ‘मी उभा राहिलो की मुलं मलाच बघतात. एकदा गेलो होतो तिच्याबरोबर. परत नेलं नाही तिने. म्हणाली, तू काय शोकेसमधला नमुना आहेस का?’

‘मग?’

‘माझ्याच्याने तिच्याबद्दल बोलवणार नाही, बाबा.’

‘बाबा’ ते पहिल्यापासून म्हणतात. मी सोळा वर्षांत त्यांना ‘अहो’शिवाय काही म्हटलेलं नाही.

८ मार्च

विहीणबाई आल्या. पलीकडच्या गल्लीत राहतात, रोज एक चक्कर असते. येताना डबा, जाताना टोमणा. आज म्हणाल्या, ‘दोन पुरुष आणि एक केरसुणी. तिघंही कोपऱ्यात.’

पत्र वाचायला दिलं. वाचून झाल्यावर घडी घालून माझ्याच खिशात ठेवलं. ‘इन्स्पेक्टरसाहेब, तुम्ही रिटायर आहात ना?’

मी हसलो असावा. कारण त्या म्हणाल्या, ‘हसू नका, मी खरंच सांगते.’

मी म्हणालो, मला काय कळतं त्यातलं. मी शीख नाही.

‘ठकी तरी कुठे होती?’ त्या म्हणाल्या. ‘आमची सून होती, पण देव तिने तिचे तिचे ठेवले. कोणी काही म्हणालं नाही. मी तर नाहीच.’

हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, तिचं सगळं बदललं असेल. सोळा वर्षं तसंच धरून बसलो होतो, विचारलं मात्र कधी नाही.

१० मार्च

तिच्या टेबलाचे खण आवरले. तासाचं सामान एका खोक्यात आहे: गडद निळ्या रंगाचं पगडीचं कापड, एक लाकडी कंगवा, एक लोखंडी कडं, जगाचा नकाशा, आणि बुटांचं रिकामं खोकं, झाकणाला फट पाडलेलं. मुलांनी नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा आणि फटीतून टाकायचा. मग ती एकेक चिठ्ठी काढून उत्तर द्यायची. तास म्हणजे एवढाच. भाषण नाही.

जुन्या चिठ्ठ्या तिने टाकलेल्या नाहीत. काही हजार असतील. वाचत बसलो.

‘झोपताना काढतात का?’

‘आत काय ठेवतात? माझा भाऊ म्हणतो बिस्किटं.’

‘उन्हाळ्यात डोकं उकडत नाही का’

‘मुलीपण बांधू शकतात का?’

‘तुमच्या नवऱ्याला राग आला तर ती तलवार काढतात का?’ याच्याखाली ठकीच्या अक्षरात: ‘राग आला की भांडी घासतात.’

हे खरं आहे. परवा तीन वेळा घासली.

१२ मार्च

तास घ्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे जेवताना बोलून टाकलं. जावयांनी मान हलवली आणि मला पोळी वाढली.

१३ मार्च

आज एक मोठी चूक झाली.

कापड किती लांब आहे ते मुलांना सांगावं म्हणून मोजायला घेतलं. माझ्या नोकरीत हेच केलं. वजनमापं तपासायची, काटा बघायचा, मीटरपट्टी बघायची, खरी असली तर शिक्का, नसली तर जप्ती. टेबल लहान पडलं म्हणून कापड बाहेरच्या खोलीत जमिनीवर पसरलं. सरळ यावं म्हणून टोकांवर चपला ठेवल्या. गुडघ्यावर बसून टेप धरत होतो, एवढ्यात विहीणबाई दारात.

त्यांनी पिशवी खाली ठेवली, चपला उचलून दाराबाहेर नेल्या, हात धुतले आणि मग कापडाचं एक टोक उचललं. ‘दुसरं धरा,’ म्हणाल्या. मी धरलं. खोलीच्या या टोकाला मी, त्या टोकाला त्या. दोघांनी ताणून घडी घालायची असते, एकट्याला येत नाही. मला कळेना कुठली कड आत घ्यायची. त्या म्हणाल्या, ‘माझ्याकडे बघा, कापडाकडे नको.’

घडी झाल्यावर म्हणाल्या, ‘ही डोक्यावरची वस्तू आहे, साहेब. जमिनीवर नाही ठेवत. पायताण तर लांबच.’

मला तोंड वर करवेना. मी माफी मागितली.

‘ठकीने पहिल्या महिन्यात याचं पोतेरं केलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘जुनं कापड दिसलं, खिडक्या पुसल्या. तुम्ही बापलेक सारखेच. मोजायचं नाहीतर पुसायचं.’ आणि हसायला लागल्या. मग डोळ्याला पदर लावून गेल्या स्वयंपाकघरात.

पाच मीटर वीस सेंटिमीटर भरलं. लिहून ठेवलं.

१५ मार्च

सराव म्हणून जवळच्या शाळेत तास घेतला. हेडबाई ठकीच्या ओळखीच्या, त्यांनी सहावीचा वर्ग दिला.

वाईट झाला. मी दोन पानं टिपणं काढून नेली होती. जगात शीख किती, अडीच-तीन कोटी. केस का कापत नाहीत. कड्याचा अर्थ. लंगर म्हणजे काय, तिथे राजा आला तरी जमिनीवर पंगतीतच बसतो. सगळं बरोबर सांगितलं, एकही आकडा चुकला नाही. खिडकीजवळची मुलगी झोपली. चिठ्ठ्यांना वेळच उरला नाही.

हेडबाई बाहेर सोडायला आल्या. भिडस्त बाई. म्हणाल्या, ‘माहिती खूप होती, आजोबा.’

एवढ्यावर सगळं आलं.

१६ मार्च

जावयांनी विचारलं, कसा झाला? म्हटलं, एक मुलगी झोपली. ते म्हणाले, ‘एकच?’

बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं हसलो. मग दोघांनाही कसंसंच झालं, ते उठून भांडी घासायला गेले.

१८ मार्च

तिची पत्रांची फाईल वाचली. मला कल्पना नव्हती. असा तास घेणारी माणसं किती देशांत आहेत! बहुतेक शीख, काही नाहीत. कोणी नर्स आहे, कोणी जहाजावर इंजिनीअर आहे, एक निवृत्त पोस्टमन आहे. एकमेकांना मुलांचे प्रश्न कळवतात. ठकीने एका कागदावर मांडून ठेवलंय: अकरा देश, आणि बिस्किटांचा प्रश्न सात देशांत आला.

एक पत्र ती गेल्यानंतरचं, न उघडलेलं. दूरच्या एका अग्निशमन केंद्राचा प्रमुख लिहितो की त्यांच्याकडे पहिला शीख जवान भरती झाला तेव्हा बाकीचे त्याच्याशी अवघडून वागत. कोणाला काय विचारावं कळेना. मग कोणाकडून तरी ठकीची पद्धत समजली. त्यांनी हेल्मेट उलटं ठेवलं आणि चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या. ‘एका संध्याकाळीत काम झालं,’ असं लिहिलंय. ‘आता नवीन कोणीही आला, कुठलाही असो, हेल्मेट फिरतं. बाईंना सांगा.’

बाईंना कुठून सांगू.

पण बाई कोण? माझी ठकी. पाढे म्हणताना सतराला अडायची ती. तिचं नाव तिकडे समुद्रापार आगीचे बंब चालवणाऱ्यांना ठाऊक आहे, आणि मी शेजाऱ्यांना सांगायचो, मुलगी दवाखान्यात असते.

पत्र जावयांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘पुन्हा वाचा.’ पुन्हा वाचलं.

२० मार्च

आज जे सापडलं ते लिहू की नको, असं सकाळपासून चाललंय. लिहितो. ही वही कोण वाचणार आहे.

तिच्या टिपणवहीचं पहिलं पान. तास सुरू करण्याआधीचं, सहा वर्षांपूर्वीचं. वर मथळा: ‘बाबांचे प्रश्न’. खाली अकरा.

पहिलाच: ‘घरातसुद्धा ते डोक्याला बांधून बसतात का?’

तिसरा: ‘उद्या तुलाही ते धरायला लावतील, मग?’

सहावा: ‘लोक रस्त्यात बघतील. तुला चालेल?’

अकरावा: ‘आपल्यातला कोणी मिळाला नाही का?’

मीच विचारले होते. सोळा वर्षांपूर्वी, ती यांना पहिल्यांदा घेऊन आली त्या दिवशी. ते समोर खुर्चीत होते, आणि मी त्यांच्यादेखत तिला विचारत होतो, ते खोलीत नसल्यासारखं. त्यांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला तो आवाजसुद्धा आठवतो. लग्नाला गेलो, मागे उभा राहिलो, न जेवता परत आलो. पुढे येणंजाणं राहिलं, बोलणं राहिलं, पण तो विषय दोघांनीही काढला नाही.

तिला शब्दन् शब्द आठवत होता. दहा वर्षांनी बसून तिने एकेका प्रश्नाखाली उत्तर लिहिलं. चिडून नाही. सरळ, मुलांना सांगावं तसं. पहिल्याखाली आहे: ‘घरी सैल बांधतात. रविवारी केस धुऊन गच्चीत वाळवतात, तेव्हा आमच्यात सगळ्यात छान केस त्यांचे.’

अकराव्याखाली काही नाही. जागा सोडलीय.

२१ मार्च

कुठे गेलो नाही.

२२ मार्च

वही जावयांना दाखवली. म्हणालो, ‘तुम्हाला माहीत होतं?’

‘हो.’

‘तुम्हाला काही वाटलं नाही?’

ते म्हणाले, ‘वाटलं ना. पण तुम्ही निदान विचारलंत, बाबा. बाकीच्यांनी बघितलं आणि तोंड फिरवलं.’

मी टिपणं फाडली. दोन्ही पानं.

२४ मार्च

तास झाला. नीट लिहितो.

मंडळाच्या निरीक्षक बाई मागच्या बाकावर, हातात छापील तक्ता. चाळिशीच्या, कडक. मी त्यांना ओळखलं. म्हणजे त्यांना नाही, त्या जातीच्या माणसाला. मीही असाच बसायचो दुकानात, चहा नाकारून.

सुरुवातीलाच म्हणाल्या, ‘आपण स्वतः शीख नाही, असं इथे दिसतंय. मग हा विषय आपण कुठल्या अधिकाराने सांगणार?’

मुलं वळून बघायला लागली. मी म्हणालो, ‘अधिकार नाही बाई. चुका आहेत.’

त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग मी मुलांना सांगितलं की माझ्या मुलीने एका शीख माणसाशी लग्न केलं, आणि मी त्याच्यासमोर बसून तिला अकरा प्रश्न विचारले. तुम्ही आज जे विचाराल त्याहून वाईट होते. पहिले सहा वाचून दाखवले. मुलं हसली. सहाव्याला हसली नाहीत. मग जमिनीवर पसरलेल्या कापडाची आणि चपलांची गोष्ट सांगितली. एक मुलगी म्हणाली, ‘अय्यो आजोबा.’ एवढ्या मनापासून मला कोणी रागावलं नव्हतं.

मग खोकं फिरवलं. मी भरलेलं खोकं हलवून बघितलं, चांगलं जड. चाळीस मुलं, बावन्न चिठ्ठ्या.

बिस्किटं निघाली. उवा निघाल्या. ‘पगडी वाऱ्याने उडते का?’ निघालं. त्याला उत्तर म्हणून कापड उघडलं, मागच्या बाकावरच्या दोघींना टोकं धरायला लावली आणि म्हणालो, माझ्याकडे बघा, कापडाकडे नको. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलं ते. कोणीतरी म्हणालं, ‘एवढं सगळं रोज?’ म्हटलं, रोज, सोळा वर्षं मी पाहिलं तेवढं तरी, कामावर जायच्या आधी, अंधाऱ्या शाफ्टमध्ये उतरायच्या आधी. कुठेही गर्दीत लांबून ओळखू यावं म्हणून. कोणी अडचणीत असेल तर कोणाकडे जायचं ते कळावं म्हणून. एकीने विचारलं, ‘म्हणजे पोलिसांसारखं?’ मी म्हणालो, पोलीस ड्यूटी संपली की टोपी काढतो.

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं. आणि म्हणताना मला यांचा, आमच्या जावयांचा, फार अभिमान वाटला. पाणी प्यायलो.

शेवटची चिठ्ठी: ‘तुम्ही तुमच्या मुलीला सॉरी म्हणालात का?’

म्हणालो, ‘नाही.’

मी खोक्याचं झाकण लावलं.

निरीक्षक बाई उठून निघाल्या. तक्ता मात्र कोरा होता. दारातून परत आल्या आणि हळूच विचारलं, ‘ते कडं कुठल्या हातात घालतात?’ उजव्या, म्हटलं. त्यांनी मान हलवली, गेल्या.

२५ मार्च

विहीणबाई शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या म्हणे काल, तास संपेपर्यंत. आज कळलं. आत का नाही आलात? ‘मी आले असते तर तुम्ही टिपणं काढली असती.’

३० मार्च

जावई कामावरून येताना मला फोन करतात आता, काय आणू विचारायला. काही नको, म्हणतो. तरी काहीतरी आणतात.

२ एप्रिल

मंडळाची बैठक आज. कळवतील.

९ एप्रिल

मंजूर झाला. बेचाळीस शाळा, सहावीचा वर्ग, वर्षातून एकदा. पत्र उभ्याउभ्याच वाचलं. मग बसून वाचलं.

तासासाठी एक पुस्तिका छापणार आहेत. तिच्या वहीतले प्रश्न, तिची उत्तरं. अकराव्याची जागा तशीच कोरी सोडायला मी सांगितलं आहे, मुलांनी भरावी. पहिल्या पानावर तिचा फोटो हवाय त्यांना, पाठवा म्हणतात.

जावयांनी पत्र घेतलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि लिफ्टच्या कामावर गेले. संध्याकाळी त्यांच्या ऑफिसातून एका माणसाचा फोन, ‘अभिनंदन, सगळ्या मजल्यांवर दाखवत फिरलेत ते.’

विहीणबाईंनी पेढ्यांचा डबा माझ्या हातात दिला. ‘वाटा,’ म्हणाल्या. ‘बाप आहात.’ खालपासून वरपर्यंत सगळ्या घरांत वाटला. प्रत्येक दारात सांगितलं, कशाबद्दल. पूर्ण सांगितलं.

११ एप्रिल

मंडळाला पाठवायला फोटो शोधत होतो. कपाटाच्या तळाशी एक पाकीट. ठकी, तेविसाची असेल, कुठल्याशा पुलावर. शेजारी एक मुलगा. केस बारीक कापलेले, गाल गुळगुळीत. मी विचारलं, हा कोण?

जावई म्हणाले, ‘मी.’

नोकरी मिळेना म्हणून कापले होते. आई त्यांच्याशी बोलत नव्हती. ‘ठकी भेटली तेव्हा मी असाच होतो. म्हटलं, असाच येतो तुझ्या घरी, तुझ्या बाबांना सोपं जाईल. ती म्हणाली, बाबांना फसवायचं नाही. मुळात आहेस तसा ये. ते आधी खूप विचारतील, पण ओळखतील.’

त्या भेटीपासून यांना घरी आणेपर्यंतच्या दोन वर्षांत तिने चार स्थळं नाकारली. मी महिना महिना तिच्याशी बोललो नव्हतो. ती यांचे केस वाढायची वाट बघत होती.